अर्धं सोनं, अर्धं स्टील

सोनेरी-रुपेरी पट्ट्याची घड्याळं पुन्हा फॅशनमध्ये येतायत का, हा प्रश्न सांगलीत विचारून उपयोग नाही. इथून ती गेली होती कुठे? हरभट रोडवर घड्याळांच्या दुकानाबाहेर उभं राहून काचेतून बघा, पुढच्या ओळी त्यांच्याच असतात. लग्नसराईत जावयासाठी घड्याळ घ्यायला माणसं आली की दुकानदार न विचारता टू-टोनचा, म्हणजे या दोनरंगी घड्याळांचा, ट्रे पुढे सरकवतो. नुसतं स्टील दिलं तर मुलीच्या बापाला हात आखडता घेतल्यासारखं वाटतं. सगळंच सोनेरी दिलं तर जावई ते पूजेनंतर जे काढून ठेवतो, ते परत घालत नाही. मग हे अधलंमधलं बरं पडतं. ऑफिसलाही चालतं आणि बारशालाही.

तरी काहीतरी बदललंय खरं. आमच्या बँकेत विट्याकडचा एक मुलगा नवीन आलाय. शर्ट ढगळ, मिशी बारीक आणि मनगटावर मात्र एखाद्या निवृत्त शाखाधिकाऱ्याला शोभेल असं घड्याळ. पट्ट्याच्या मधल्या कड्या पिवळ्या, कडेच्या पांढऱ्या, तबकडीही पिवळसर. मला वाटलं वडिलांचं असेल.

"नाही मॅडम, नवीन घेतलंय. जुनं वाटतं म्हणून तर घेतलं."

आमच्या वेळी लोकांनी हेच घड्याळ महाग वाटावं म्हणून घेतलं होतं. आधीची एचएमटीची किल्लीची घड्याळं साधी असायची, त्यांत मिरवण्यासारखं फार नसे. 1987 मध्ये टायटनची क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरची, घड्याळं आली, चकचकीत शोरूम आल्या, आणि पुरुषांनाही साखळीचा पट्टा मनगटावर खाली-वर सरकवत बोलायची सवय लागली. पुरुषाला दागिना घालायला लाज वाटते, घड्याळाला वाटत नाही. आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी यांना दिलेलं घड्याळ कुठल्याशा अनोळखी कंपनीचं होतं. घामानं काही उन्हाळ्यांतच काचेभोवतीच्या कड्याचं पितळ उघडं पडलं. यांनी सासऱ्यांना तसं कधी बोलून दाखवलं नाही, मला मात्र अजून ऐकवतात.

मुळात ही कल्पना गरिबाची नव्हेच. रोलेक्सनं 1933 मध्येच सोनं आणि स्टीलच्या या जोडीचं 'रोलेसॉर' असं नाव नोंदवून ठेवलं. त्यात काचेभोवतीचं कडं, किल्ली आणि पट्ट्याच्या मधल्या कड्या 18 कॅरेट सोन्याच्या, म्हणजे शंभरात पंचाहत्तर भाग शुद्ध सोनं असलेल्या, आणि बाकीचं घड्याळ स्टीलचं. 1978 मध्ये कार्तिए या फ्रेंच कंपनीनं 'सांतोस' घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्यावर सोन्याचे स्क्रू उघडेच ठेवले आणि ऐंशीच्या दशकात या जोडीची चलती झाली. मग तीच काकालोकांची निशाणी ठरली. आता परत फिरलंय. 2017 मध्ये रोलेक्सच्याच घरातल्या ट्यूडर कंपनीनं 'ब्लॅक बे' घड्याळ टू-टोनमध्ये आणलं, 2018 मध्ये सांतोस नव्यानं आलं, आणि 2019 मध्ये रोलेक्सनं खोल समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या 'सी-ड्वेलर' घड्याळालाही सोन्याच्या कड्या बसवल्या. ते घड्याळ 1,220 मीटर खोलीपर्यंत टिकतं म्हणे. तिथं सोनं कुणाला दाखवायचं हे रोलेक्सलाच ठाऊक.

आपल्या ट्रेमधल्या घड्याळांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर असतो तो मुलामा, आणि तो मोजतात मायक्रॉनमध्ये. मिलिमीटरचा हजारावा भाग. आता आमच्या या मुलाचं घराणं गलाईवाल्यांचं. खानापूर-आटपाडी भागातली माणसं देशभर पेठापेठांतून जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देतात. याचे वडील तिकडे तमिळनाडूत असतात. घरात भट्टी आणि पोराच्या हातात मुलामा, हे मला गमतीचं वाटलं. डब्याच्या वेळेला आम्ही हिशेबच मांडला. एक मायक्रॉनचा थर, पिवळा भाग साधारण वीस चौरस सेंटिमीटर धरला, तर सोनं चाळीस मिलिग्रॅमच्या आतच भरतं. त्यानं वडिलांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "गाळायला आणू नको. ॲसिडचे पैसेबी निघायचे नाहीत."

कित्येक घड्याळांत तर तेवढंही नसतं. पिवळा दिसतो तो टायटेनियम नायट्राइडचा थर. कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्याला हा रंग नवा नाही, ड्रिलच्या पात्यांवर असतो तोच. आणि तो सोन्याच्या पातळ मुलाम्यापेक्षा कितीतरी टणक.

बायकांना दोन धातूंचं तसंही वावडं नाही. गळ्यात सोनं, पायात चांदीची जोडवी आणि पैंजण. सोनं पायात घालायचं नाही हे आईनं सांगितलेलं, तेव्हा आमचं टू-टोन जन्माचंच. घोळ होतो तो मनगटावर. पाटल्या-बांगड्यांच्या शेजारी पांढरं फटक घड्याळ मला नेहमी आमंत्रण नसताना पंगतीत बसलेल्या माणसासारखं वाटतं. थोड्या पिवळ्या कड्या असल्या की ते घरचं होतं. फक्त दोन्ही एकाच हातात नकोत. 22 कॅरेटचं सोनं मऊ, स्टीलच्या कडेला घासून झिजतं, आणि मोडीच्या वेळी सराफ कट्ट्यावर वजन कमी भरलं की घड्याळाला दोष द्यायचं कुणाला सुचत नाही.

हा मुलगा दोन-तीन वर्षांत ते घड्याळ काढून दुसरं काही घालेल. सगळ्यांच्या हातात दिसायला लागलं की त्याचं जुनेपण संपलं. दुकानातला ट्रे मात्र जागचा हलणार नाही. 1990च्या सुमारास दहा ग्रॅमला तीन-साडेतीन हजार असलेलं सोनं 2025 मध्ये लाखावर गेलं. आता जावयाला खरं सोनं द्यायचं म्हणजे अंगठीतच बाप वाकतो.

मी घेतलं तर ड्रिलवाल्या थराचंच घेईन.

"पण मग त्यात सोनं नाही की मॅडम," तो म्हणाला. बोलणं खरं गलाईवाल्याच्या पोराचं.

नसू दे. माझ्या पाटल्या आमच्याच शाखेच्या लॉकरमध्ये आहेत, बाकी सगळ्या गावाच्याही तिथंच. लग्नसराई सोडली तर त्या लॉकरची चावी मागायला क्वचितच कुणी येतं.