माझा अनुभव: ब्लाऊजचे पॅटर्न विकताना घोडं पेंड खात होतं ते प्रिंटमध्ये

बावीस वर्षं मी ब्लाऊज शिवते आहे आणि त्यातली दहा वर्षं शिकवतेही आहे. माझ्या कटोरी ब्लाऊजचा (छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा असतो तो) पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा नमुना, पीडीएफ करून विकायला काढला, तेव्हा वाटलं होतं की अवघड काम ड्राफ्टिंगचं असेल. प्रत्यक्षात ज्या गोष्टीने माझे जवळजवळ तीन महिने खाल्ले, तिचा शिलाईशी काहीच संबंध नव्हता. ती होती प्रिंट देताना समोर येणारी एक निवड, ‘फिट’, म्हणजे कागदात बसेल असं पान लहान-मोठं करणं. आज सगळं सुरळीत चाललंय, तरी हा शब्द दिसला की मला अजून राग येतो. हे लिहिते आहे ते दुसऱ्या कुणाचे तीन महिने वाया जाऊ नयेत म्हणून.

आधी मी क्लासच्या मुलींना खाकी कागदावर कटिंग करून द्यायचे. बाहेरगावाहून मागणी येऊ लागली तेव्हा गुंडाळी करून कुरियरने पाठवायचे. गुंडाळी चेपून जायची, मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात तिथल्या, गोलाईवर घडी पडायची. प्रत्येक सेट हाताने कापायचा म्हणजे दिवसाला चार-पाचच व्हायचे. मग भाचीने इंकस्केप हे काँप्युटरवर चित्र काढायचं सॉफ्टवेअर शिकवलं. ते फुकट मिळतं आणि पॅटर्न काढायला पुरतं. छाती ३२ ते ४४, अशी सात मापं केली. एका मापातून दुसरं काढताना एवढंच लक्षात ठेवा की छाती दोन इंच वाढली म्हणजे चौथ्या भागात अर्धा इंच येतो, पण शोल्डर त्या हिशेबाने वाढत नाही. तिथे गडबड केलीत तर ४२ च्या ब्लाऊजचा खांदा दंडावर घसरतो.

पॅटर्न विक्रीला लावल्यावर पंधरा दिवसांत लातूरहून एका ताईंचा मेसेज आला: ३६ चा काढला, हुक लागत नाहीत. मी माप विचारलं, बरोबर होतं. मग नाशिकहून एकीचा फोन आला. तिला एक इंचाहून जास्त कमी पडत होता. मग न्यू जर्सीतल्या एका मराठी बाईंनी लिहिलं की छातीत दोन इंच घट्ट आहे आणि उंचीतही पाऊण इंचाहून जास्त आखूड आहे. त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या एकीने फोटो पाठवला, अगदी अंगाबरोबर बसलेला ब्लाऊज, खाली “ताई, खूप सुंदर बसला!”

सगळ्यांना सारखाच कमी पडला असता तर चूक लगेच सापडली असती. इथे एकीला सव्वा इंच, एकीला दोन इंच आणि एकीला शून्य. मला माझ्याच हाताचा संशय येऊ लागला. मुंढा पुन्हा काढला. मांजरपाटाचे तीन ब्लाऊज शिवून वेगवेगळ्या जणींना घालून बघितले. तिन्ही नीट बसले, कारण माझ्या घरच्या प्रिंटरवर मी प्रत्येक वेळी पूर्ण मापातच प्रिंट काढत होते. एका ग्राहक बाईने मात्र सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की यांचं माप चुकतं. बावीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पहिल्या पानावर मी मोजून बघायला चौकोन दिला होता, एक इंचाचा. प्रत्येकीला विचारलं, “चौकोन मोजलात का?” सगळ्या म्हणाल्या, हो ताई, बरोबर एक इंच आहे. त्या खोटं बोलत नव्हत्या. एका इंचात तीन टक्के कमी झाले तरी फरक टेपवरच्या रेघेआड लपतो.

शेवटी लातूरच्या ताईंना म्हटलं, फोटो नको, तुमचे छापलेले कागदच मला स्पीड पोस्टने पाठवा, खर्च मी देते. ते आले. कटिंग टेबलावर माझा मूळ कागद ठेवला, त्यावर त्यांचा पाठीचा भाग ठेवला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात दोन्ही जुळवले. उजवीकडे माझा कागद बाहेर डोकावत होता. माझा भाग १० इंच रुंद होता, त्यांचा ९.७. असे चार भाग मिळून सव्वा इंच गेला. कटोरीही तेवढीच लहान, टक्सचं (फिटिंगसाठी घालतात त्या चुणीचं) टोक वर सरकलेलं. आकार हुबेहूब तोच, फक्त सगळाच कागद ९७ टक्के झालेला.

दुसऱ्या दिवशी मीच फाइल घेऊन बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, ग्राहक म्हणून. काहीच सूचना दिली नाही. प्रिंट हातात आली, मोजली, ९७ टक्के. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, आम्ही नेहमी फिटच करतो. नाहीतर कडेचं तुटतं आणि गिऱ्हाईक भांडतं.” मी म्हटलं, मला १०० टक्क्यांवर काढून द्या. त्याने दिली. माप बरोबर आलं, पण पॅटर्नची बारा पानं एकमेकांना जोडून मोठा कागद करायच्या खुणा कडेला निम्म्या तुटल्या होत्या. त्याचं म्हणणं खरं होतं. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो आणि मी कडेला जेमतेम पाच मिलिमीटर सोडून चित्र भरलं होतं. बऱ्याच प्रिंटरना तेवढ्या कडेपर्यंत छापता येत नाही. त्याच्याकडे दिवसभर आधार कार्ड, सातबारा, हॉल तिकीट येतात. तिथे तीन टक्क्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. ब्लाऊजचं बिघडतं.

तरी राग आला तो पुढच्या दुकानात. तिथे मालक मोबाइलवरूनच थेट प्रिंट सोडत होता आणि त्याच्या त्या ॲपमध्ये प्रमाण बदलायची सोयच नव्हती. काँप्युटरवरून काढून द्या म्हटलं तर म्हणाला, रांग आहे, सेटिंग बदलत बसायला वेळ नाही. बारा पानांचे पैसे देऊन मी निरुपयोगी कागद घेऊन बाहेर पडले. लातूरच्या ताईंनी हेच केलं असणार, आणि वर माझं माप चुकलं म्हणून नवं कापड वाया घालवलं असणार, हे डोक्यातून जाईना.

न्यू जर्सीचं कोडंही मग सुटलं. अमेरिकेत घरोघरी ए-४ नसतो, लेटर कागद असतो, साडेआठ बाय अकरा इंचांचा. तो ए-४ पेक्षा किंचित रुंद पण उंचीला कमी. ए-४ चं पान त्यात बसवायला प्रिंटर ते साधारण ९४ टक्क्यांवर आणतो. ३६ चे ३४ सुद्धा राहत नाहीत. आणि हे फक्त अमेरिकेत होतं असं नाही. आपल्याकडेही नवीन प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कधीकधी लेटर ठेवलेलं असतं, ट्रेमध्ये कागद ए-४ असला तरी.

म्हटलं, पानं जोडायची भानगडच नको, एका मोठ्या कागदावर देऊ. ए-० ची फाइल केली आणि घरांचे नकाशे छापतात त्या प्लॉटरवाल्याकडे गेले. ए-० ची रुंदी ८४१ मिलिमीटर, म्हणजे ३३ इंचांच्या थोडी वर. त्याचा रोल ३६ इंची. त्याने रोलभर बसवून दिलं! ३६ ची छाती ३९ झाली. एवढा वेळ लहान होणारा ब्लाऊज इथे मोठा झाला.

आता उपाय सांगते. चौकोन एक इंचाचा देऊ नका, चार इंचांचा द्या. ९७ टक्क्यांवर तो एक अष्टमांश इंच कमी भरतो आणि तेवढं कुणाच्याही टेपवर दिसतं. कडेला चारही बाजूंनी दीड सेंटीमीटर कोरं सोडा, म्हणजे १०० टक्क्यांवरही काही तुटत नाही. चित्राची रुंदी १८० आणि उंची २४० मिलिमीटरच्या आत ठेवलीत तर तीच पानं लेटर कागदावरही पूर्ण मापात निघतात, परदेशासाठी वेगळी फाइल लागत नाही. माझी बारा पानांची सोळा झाली, पण तक्रारी थांबल्या. पहिल्या पानावर आता चौकोनाखाली ठळक अक्षरांत लिहिलंय: “दुकानदारदादा, फिट करू नका. ॲक्च्युअल साइझ, १०० टक्के.” आणि ग्राहकांना सांगते, आधी फक्त पहिलं पान काढा, मोजा, मग बाकीची काढा. स्क्रीनशॉट काढून तो छापायला देऊ नका, त्यात मापच राहत नाही.

हो, मायेचं राहिलंच. पॅटर्नमध्ये शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड, धरली आहे की नाही, हे प्रत्येक भागावर लिहा. आपल्याकडे बाया बगलेखाली इंचभर जास्त माया आत ठेवतात, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. परदेशी पॅटर्नमध्ये तेवढी नसते. मी ती धरली होती पण लिहिली नव्हती, म्हणून काहींनी वरून आणखी सोडली.

कापड किती लागेल तेही मापागणिक द्या. साडीबरोबरचा ब्लाऊजपीस बहुतेक ८० सेंटीमीटरचा असतो. ४२-४४ च्या मापाला कोपरापर्यंतची बाही हवी असेल तर तो पुरत नाही. कमी पन्ह्याच्या कापडाला तर नाहीच. हे विकत घ्यायच्या आधी दिसलं पाहिजे. कटोरी उरेब, म्हणजे कापडावर तिरकी, कापायची असेल तर कापडाचा धागा कुठल्या दिशेने हवा ते दाखवणारी रेघ जाड काढा.

विकायच्या आधी वेगवेगळ्या मापांच्या पाच जणींकडून पॅटर्न शिवून घ्या आणि त्यांना प्रिंट त्यांच्या गावातल्या दुकानातूनच काढायला लावा. मी माझ्या प्रिंटरवर काढून हातात कागद दिले होते. तिथेच सगळं चुकलं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर घरबसल्या झाली. ती फुकट असते, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. कागदी पॅटर्न परराज्यात पाठवणं आणि पीडीएफ विकणं यांना जीएसटीचे नियम वेगळे लागतात. सुरुवातीलाच सीएला विचारून घ्या.

लातूरच्या ताईंना मी नवी फाइल आणि कापडाचे पैसे पाठवले. त्या घ्यायला तयार नव्हत्या, मी आग्रहाने दिले. आठवड्याने त्यांचा फोटो आला. ब्लाऊजचा नव्हता. झेरॉक्सच्या दुकानातल्या काउंटरवर पहिलं पान, त्यावर पिवळा टेप ताणून धरलेला आणि चाराच्या रेघेवर त्यांच्या अंगठ्याचं नख. खाली लिहिलं होतं, “ताई, चार पुरे भरले. बाकीची काढू का?”