मंगळवारची रात्र, टोलेडो आणि चेंडू न येणारा कोपरा

डेट्रॉइटच्या विमानतळावरून अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं टोलेडो तासाभरावर. आय-२७५ महामार्गाने दक्षिणेला, मग आय-७५. वाटेत बघण्यासारखं काही नाही, तेव्हा थेट स्टेडियमवरच येतो.

नोव्हेंबरात मिड-अमेरिकन कॉन्फरन्सचे, म्हणजे 'मॅक' या विद्यापीठ संघांच्या गटाचे, कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल) सामने मंगळवार-बुधवारी रात्री होतात. शनिवारी टीव्हीवर बड्या कॉन्फरन्सची गर्दी, म्हणून यांनी आठवड्याचे मधले वार धरले. टीव्हीला सामना मिळतो, स्टँडवाल्यांना थंडी. ग्लास बोल हे टोलेडो विद्यापीठाचं, १९३० च्या दशकातलं, जमिनीत खोल बसलेलं दगडी स्टेडियम. शहर काच कारखान्यांचं, म्हणून हे नाव. बाकं धातूची. बुडाखाली फोमची गादी आणि पायाखाली जाड पुठ्ठा हवाच. बूट कितीही भारी असोत, काँक्रीट तळव्यातून थंडी वर चढवतंच. पिशवी पारदर्शक न्यावी, नाहीतर गेटवरून परत गाडीपर्यंत पायपीट.

दर आठवड्याला कॉन्फरन्स आपले मानकरी जाहीर करते: आक्रमण, बचाव, स्पेशल टीम्स (किक मारण्या-अडवण्याची तुकडी). ती यादी वाचायला मला आवडते, पण रणजीच्या धावफलकासारखी, म्हणजे जरा संशयानेच. सप्टेंबरातले आकडे फुगलेले असतात, कारण तेव्हा खालच्या गटातले संघ पाहुणे म्हणून येतात. कॉलेजात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, सॅक झाला (फेकण्याआधीच पाडला गेला) की गमावलेले यार्ड त्याच्या धावण्याच्या खात्यातून वजा होतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये होत नाहीत. त्यामुळे ७० यार्ड दिसले तरी पोरगं ९० धावलेलं असू शकतं.

काही आकड्यांपुढे मात्र संशय गप्प बसतो. २६ नोव्हेंबर २०१३, मंगळवारच: नॉर्दर्न इलिनॉयचा क्वार्टरबॅक जॉर्डन लिंच वेस्टर्न मिशिगनविरुद्ध ३२१ यार्ड धावला आणि पुढे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमनच्या मतदानात तिसरा आला. २०२० मध्ये बफलोच्या जॅरेट पॅटरसनने केंट स्टेटविरुद्ध ३६ वेळा चेंडू घेऊन धावत ४०९ यार्ड आणि ८ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण) काढले. कॉलेजच्या सर्वोच्च गटातला एका सामन्याचा विक्रम ४२७ चा. १८ यार्ड उरले असताना त्याला बाहेर बसवलं. मला अजून चुटपुट लागते.

पण इथे आल्यावर नजर खिळते ती कॉर्नरबॅकवर, म्हणजे मैदानाच्या कडेला रिसीव्हरला (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला) अडवणाऱ्या बचावपटूवर. तो रिसीव्हरसमोर हातभर अंतरावर, किंचित आतल्या बाजूला उभा राहतो. डाव सुरू झाला तरी घाईने मागे सरत नाही. पाय आडवे, लहान-लहान टाकतो. नजर रिसीव्हरच्या कमरेवर, कारण खांदे आणि डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. एक हात छातीवर, आणि पळता पळता त्याला बाहेरच्या रेषेकडे ढकलत न्यायचं. रेषेपर्यंत दोन-तीन यार्डच उरले, की क्वार्टरबॅक तिकडे क्षणभर बघतो आणि मान फिरवतो. चेंडू दुसरीकडे जातो. कॅमेराही चेंडूमागे जातो, म्हणून घरी बसून यातलं काही दिसत नाही. चुकतं कुठे? चेंडू शोधायला अर्धा क्षण आधी मान वळवली, की रिसीव्हर खांद्यावरून निघून जातो. मग शहाणी पोरं सरळ त्याला धरतात: कॉलेजात त्याचा दंड जास्तीत जास्त १५ यार्ड आणि नवा फर्स्ट डाउन (आक्रमणाला पुन्हा चार संधी), एनएफएलमध्ये चेंडू थेट फाउलच्या जागी. टचडाउनपेक्षा १५ यार्ड स्वस्त.

याच टोलेडोच्या कॉर्नरबॅक क्विन्यॉन मिचेलने २०२२ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध एका सामन्यात ४ इंटरसेप्शन घेतले (समोरच्याचा पास मधेच झेलला), त्यातले २ टचडाउनला नेले. त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी तोच. २०२३ च्या पूर्ण मोसमात त्याच्या नावावर एकच. तेवढ्यावरून खेळ उतरला म्हणावं, तर २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघांच्या खेळाडू-निवडीत) फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला २२ वा उचलला. चेंडूच तिकडे येत नसेल, तर झेलणार काय?

म्हणून हा कोपरा बघायचा तर जागा गोलपोस्टमागे, वरच्या ओळीत घ्यावी. मधल्या रेषेजवळच्या भारी तिकिटात टीव्हीपेक्षा वेगळं फारसं दिसत नाही. गोलपोस्टमागे वारा जास्त लागतो, हे कबूल. चौथ्या क्वार्टरपर्यंत निम्मी माणसं घरी गेलेली असतात, आणि साडेतीन तासांनी, अकराच्या सुमारास, पार्किंगमधून दहा मिनिटांत बाहेर पडता येतं. पोटाचं मात्र आधीच बघून ठेवा.