आमची वाटचाल : जुन्या कॅमेऱ्यांचे झिजलेले भाग

वापरलेल्या फिल्म कॅमेऱ्यांचा व्यवसाय आम्ही सुरू केला, तेव्हा बाहेरून स्वच्छ दिसणारा आणि खटका दाबताच शटर वाजणारा कॅमेरा विकायला हरकत नाही, अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच वर्षी एका ग्राहकाने मोडीत काढली. त्यांनी धुतलेला रोल समोर ठेवला, तर जवळपास प्रत्येक निगेटिव्हच्या एकाच कडेला काळा पट्टा उमटलेला होता. मागचे दार उघडून खाचेतून टाचणी फिरवली, तेव्हा प्रकाश अडवणारा फोम डांबरासारखा चिकटून टाचणीला लोंबू लागला. पॉलियुरेथेनचा हा फोम कॅमेरा वापरात असो वा कपाटात पडलेला असो, हवेतील ओलाव्याने विरत जातोच. शिवाय ओलिंपस ओएम-१ सारख्या कॅमेऱ्यात प्रिझमजवळचा (दृश्य डोळ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या काचेजवळचा) फोम विरला की प्रिझमचा चंदेरी मुलामाही खातो. त्या दिवसापासून फोम न बदलता एकही कॅमेरा आम्ही विकलेला नाही. काही जुन्या कॅमेऱ्यांत फोमऐवजी काळा दोरा असतो, त्याला मात्र आम्ही सहसा हात लावत नाही. तो बहुधा आमच्यापेक्षा जास्त टिकेल.

दुसरा धडा आमच्याच हातून घडलेल्या नुकसानीचा आहे. जपानी कॅमेऱ्यांतील फुलीच्या खाचेचे स्क्रू नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरला पुरते बसत नाहीत, हे माहीत नसल्यामुळे आम्ही एका चांगल्या कॅमेऱ्याच्या वरच्या झाकणाच्या दोन स्क्रूंच्या खाचा पार गुळगुळीत करून ठेवल्या आणि ते ड्रिलने काढताना झाकणालाही ओरखडे पाडले. पेंटॅक्स के१००० चे उत्पादन १९७६ ते १९९७ इतका दीर्घकाळ चालले, तरी नवे सुटे भाग आज कारखान्यातून येत नाहीत. त्यामुळे बंद पडलेले कॅमेरे आम्ही मुद्दाम विकत घेतो आणि त्यांतून निघालेले स्क्रू, स्प्रिंगा, भिंगे व आरसे मॉडेलप्रमाणे लहान डब्यांत लावून ठेवतो. आमचे खरे भांडवल विक्रीच्या कपाटात नसून या डब्यांत आहे, असे आमचे मत आहे.

कापडी पडद्याच्या शटरची तपासणी आम्हाला सर्वांत जास्त वेळ खाते. लेन्स काढून, मागचे दार उघडे ठेवून, अंधाऱ्या खोलीत पडद्यामागे टॉर्च धरावी लागते. आणि पडदे दोन असल्यामुळे शटर भरलेले असताना व सोडल्यावर, असे दोन्ही वेळा पाहावे लागते. टाचणीच्या टोकाएवढे छिद्रही या उजेडात चांदणीसारखे चमकते. आरसा नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत उन्हाकडे रोखलेली लेन्स पडदा जाळू शकते, म्हणून त्यांच्याबाबत आम्ही अधिक संशयी असतो. बारीक छिद्र लवचीक काळ्या रंगाने बुजते. परंतु कापडावरील रबर कडक होऊन तडकले असेल तर रंगाचे ठिगळ फार दिवस तग धरत नाही, आणि असा कॅमेरा पडदा बदलल्याशिवाय आम्ही विकत नाही.

कॅनन एई-१ चा चिरका आवाज ऐकून अनेकजण घाबरतात. बहुतेक वेळा आरशाच्या यंत्रणेतील वंगण सुकलेले असते आणि योग्य जागी तेलाचा एक थेंब पुरतो. जुन्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेल्या कॅमेऱ्यांत मात्र १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, तर प्रकाश मोजणारे मीटर अनेकदा चुकीचे माप दाखवते. अशा वेळी आम्ही व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर देतो.

बुरशीने भिंगावरचा लेप खाल्ला असेल, तर बुरशी पुसली तरी डाग राहतात. अशी लेन्स आम्ही विकतो, पण भिंगामागून दिवा धरून काढलेले तिचे छायाचित्र ग्राहकाला आधी दाखवतो. प्रत्येक कॅमेऱ्यासोबत बदललेल्या भागांची हस्तलिखित नोंद आणि चाचणी रोलची निगेटिव्ह पट्टी दिली जाते. मागे एका ग्राहकाने ती पट्टी पाहून विचारले, की सगळ्या चौकटींत एकच भिंत का आहे. पट्टा कुठे उमटलाच, तर कोऱ्या भिंतीवर तो लगेच दिसतो, एवढेच त्याचे कारण आहे.