म्हादईत राफ्टिंग करताना

गोव्यात राफ्टिंग पावसाळ्यातच, साधारण जून ते सप्टेंबर, सत्तरी तालुक्यात म्हादई नदीवर. वाळपईहून उस्त्याला जायचं, तिथे राफ्ट पाण्यात सोडायची आणि सुमारे 10 किलोमीटर खाली सोनाळला बाहेर पडायचं. खळाळ सहापैकी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे मध्यम.

नदी उगम पावते खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात. वाळपईत ऊन असलं तरी वर घाटात पाऊस कोसळला की पाणी चढतं. म्हणून निघण्याआधी आम्ही पाणी निरखतो. ते जास्त तांबडं झालं, काटक्या नि पालापाचोळा वाहून येऊ लागला, की चढ सुरू झालाय. गाईड 'आज नको' म्हणाला तर हुज्जत घालू नये.

लाइफ जॅकेटचे पट्टे उभं राहून आवळायचे. मग जोडीदाराने खांद्याला धरून जॅकेट वर ओढायचं. ते कानाशी आलं तर सैल आहे. वल्ह्याच्या वरच्या टोकाची टी आकाराची मूठ तळहातातून सुटू द्यायची नाही. सुटली तर ती थेट शेजाऱ्याच्या दातांवर बसते.

पुढचे दोघे ताल धरतात, मागचे त्यांच्याकडे बघून वल्हवतात. लाट अंगावर आली की नवखे वल्हं उचलून धरतात, आणि नेमकी तेव्हाच राफ्ट आडवी होते. आडवी राफ्ट खडकाला टेकली तर सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झुकायचं. भीतीने उलट सरकलात तर प्रवाह येतो त्या बाजूची कड बुडते, पाणी आत शिरतं आणि राफ्ट खडकाला चिकटून बसते.

पाण्यात पडलात तर उताणं व्हा, पाय पुढे नि वर. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभं राहू नका. पाऊल दगडांत अडकलं की प्रवाह माणसाला पालथा दाबतो.

म्हादईत मला लाटांपेक्षा काठच्या झाडांचा धाक जास्त. पुरात नदी झाडीत शिरते. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. झाड दिसताच त्यापासून दूर, जीव तोडून पोहायचं. चुकवणं अशक्यच झालं तर पालथं होऊन डोकं पुढे करायचं, जोरात पोहत जाऊन खोडावर छाती चढवायची.

बचावाची दोरी पिशवीत भरून फेकतात. ती आली तर पिशवी नाही, दोरी धरा. ती खांद्यावरून घेऊन उताणं व्हा. हाताला मात्र गुंडाळू नका.