ओमानची पाहुणी

डिसेंबर लागला की गोव्यात कोण आलं, कुठं उतरलं, भाड्याची स्कूटर कुणाच्या कुंपणात घातली, ही बातमी अर्ध्या तासात वाड्यावर पोचते. 2017 च्या डिसेंबरात मात्र थेट ओमानहून आलेल्या एका पाहुणीचा आम्हांला पत्ताच लागला नाही.

लुबान तिचं नाव. हंपबॅक देवमाशाची मादी. शेपटीवरची खूण लोबानाच्या झाडासारखी, म्हणून हे नाव. या प्राण्यांत एकाच्या शेपटीखालची नक्षी दुसऱ्याशी जुळत नाही. फोटो पाहून संशोधक नावानिशी ओळखतात. त्यांनी ओमानच्या मसीरा आखातात हिच्या पाठीवर एक लहानसं यंत्र बसवलं. ती श्वासासाठी वर आली की ते उपग्रहाला खूण पाठवतं. म्हणजे नकाशावर नुसते ठिपके. मधल्या रेघा आपण ओढायच्या.

जगातले बाकीचे हंपबॅक थंड समुद्रात चरायला आणि उबदार समुद्रात विणीला अशी दरवर्षी ये-जा करतात. अरबी समुद्रातल्यांना ती यातायात नाही. मोसमी वाऱ्यांनी ओमानच्या किनाऱ्याला खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं, मासळी मुबलक होते. आमची कौलं उडवणारा वाराच तिकडे यांच्या जेवणाची सोय करतो! सुमारे 70 हजार वर्षं हा गोतावळा इतरांपासून वेगळा राहिलाय, असं जनुकांवरून दिसतं. ओमानच्या बाजूला आता शंभरही उरलेले नाहीत. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात 242 मारले, तेही चोरून. अशा घराण्यातली ही.

गोव्यात घरटी एखादा तरी आखातात असतो. मस्कत आमच्या तोंडी म्हापशाइतकं सवयीचं. पण पोटासाठी माणसं इकडून तिकडे जातात. ही उलटी आली. सुमारे दीड हजार किलोमीटर समुद्र कापून गोव्यासमोर पोचली, थांबली नाही, किनाऱ्याकिनाऱ्याने खाली गेली, कन्याकुमारी गाठली, आणि मग पुन्हा ओमान. दोन्ही काठांवरच्या देवमाशांचं नातं असावं, असा अंदाज जुनाच होता. हिने स्वतः पोहून तो नकाशावर उतरवला.

ग्रांदे बेटाकडे पर्यटकांच्या होड्या बिअर आणि गळ घेऊन जातात. त्याच पाण्यात दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हंपबॅकचं गाणं टिपलंय. गातात ते नर, तेव्हा तो आवाज लुबानचा नव्हे. पण वर स्पीकरवर धांगडधिंगा चाललेला आणि खाली कुणी तरी मन लावून गातोय, ही कल्पना मला भारी आवडते. दाद द्यायला खाली कुणी असेल तर बरं.

मस्कतला उमेदीची वर्षं घालवून परतलेल्या शेजारच्या भाऊंना मी ही सगळी हकिगत मोठ्या हौसेनं सांगितली. जनुकं, उपग्रह, मोसमी वारे, सगळं त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

“इतक्या लांब आली आणि दोन दिवस राहिली नाही?” ते म्हणाले. “रजा मंजूर झाली नसणार.”

आणि मग त्यांच्या मुकादमानं कोणत्या चतुर्थीला रजा नाकारली होती, ते सुरू झालं.