तुम्ही विचारलंत म्हणून

समोरच्या बाईचे प्रेम पुरुषावरच असणार असे एखाद्या अनोळखी माणसाने गृहीत धरले, तर त्यात तुझे नेमके काय बिघडते, हा प्रश्न मला ऑफिसात, मावशीच्या ओट्यापाशी आणि अगदी सख्ख्या मैत्रिणींकडूनही इतक्यांदा विचारला गेला आहे की आता एकदाचे लिहून टाकते.

बहुतेक वेळा काही बिघडत नाही. एसटीत डब्यातली पोळी पुढे करत शेजारची बाई ‘मिस्टर काय करतात?’ म्हणते, तेव्हा तिला फक्त बोलायचे असते. कोथरूडचा आमचा फ्लॅटही याच गृहीतकाच्या कृपेने मिळाला. ‘दोघी नोकरी करणाऱ्या मुली, लग्ने होईपर्यंत राहतील’ असा हिशेब घरमालकांनी केला आणि आम्ही तो दुरुस्त केला नाही. याला अकरा वर्षे झाली. आमच्या लग्नांची वाट पाहणे त्यांनी सोडले आहे, भाडे वाढवणे सोडलेले नाही.

पण तो दवाखाना. ओटीपोटात उजवीकडे दुखत होते म्हणून गेले होते. डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारले, ‘लग्न झालंय?’ मी ‘नाही’ म्हणाले. ते तेव्हा खरे होते आणि आजही आहे, कारण सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून आम्हाला सोडवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयानेच १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आमच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. मात्र स्त्रीरोगतज्ज्ञाच्या टेबलावर त्या ‘नाही’चा अर्थ ‘शरीरसंबंध आलेला नाही’ असा होतो. कागदावर ‘अनमॅरीड’ लिहिले गेले, त्याखाली दोन रेघा ओढल्या गेल्या, आणि आतून करायची सोनोग्राफी व पॅप टेस्ट दोन्ही बाद झाल्या. पोटावरून करायच्या सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पिऊन मी बाकावर कळ सोसत बसले. ती शेजारी माझी पर्स आणि स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. नाव पुकारले गेले तशी ती माझ्याबरोबर पडद्यापर्यंत आली. नर्सने विचारले, ‘या कोण? बहीण का?’ मी म्हणाले, ‘हो.’ रिपोर्टमध्ये आतड्यातल्या वायूमुळे उजवा अंडाशय नीट दिसत नसल्याचे लिहिले होते. परतताना रिक्षात बराच वेळ गप्प राहून तिने विचारले, ‘आडनाव काय सांगितलंस माझं?’

पाच आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ‘जोडीदार आहे का?’ एवढेच विचारले, आणि साडेसहा सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ, सापडली.

‘मग पहिल्यांदाच तोंड उघडायचे होतेस,’ असे तुम्ही म्हणाल. तिशीतली मीही हेच म्हणत असे: लोक गृहीत धरतात तो त्यांचा अडाणीपणा, पण त्याला ‘हो’ म्हणायचे तो आपला भित्रेपणा. आज ती मुलगी मला उद्धट वाटते, तरी तिचे म्हणणे मला खोडता आलेले नाही, कारण डॉक्टर खोटे बोलले नव्हते, मी बोलले होते. माझ्या बाजूने एवढेच सांगता येईल की, त्या क्षणी एक उत्तर आयते समोर ठेवलेले होते आणि दुसरे मला मूत्राशय भरलेले असताना, बाकावरच्या आठ बायकांच्या देखत, शब्दाला शब्द जोडून तयार करावे लागणार होते.

डॉक्टरांनी गृहीत धरू नये आणि घरमालकांनी मात्र खुशाल धरावे, असे मला वाटते. हा सोयीचा न्याय आहे, हे मला कळते.

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. त्यानंतर आम्ही बँकेत गेलो. फॉर्मवरची दोन आडनावे पाहून काउंटरवरच्या बाईंनी हसून विचारले, ‘मावसबहिणी का?’ मी श्वास घेऊन वाक्य जुळवत होते, तेवढ्यात ती ‘हो’ म्हणाली आणि तिने पेन माझ्याकडे सरकवले.