कृष्णेचं पाणी तपासायचं तर माशाचे कल्लेही बघा

मळीमिश्रित पाण्यानं मासे मेले की नमुने घ्यायची धावपळ होते. तोवर घाण पुढं वाहून गेलेली असते, आणि बाटलीतलं पाणी फक्त त्या घडीचं सांगतं. माशावरचे परजीवी मात्र मागच्या काही दिवसांचा हिशेब ठेवतात.

साखर कारखाने आणि गावगटारांच्या सेंद्रिय घाणीसाठी ट्रायकोडायना बघावा. हा एकपेशीय जीव कल्ल्यांवर बसतो, पण पोट भरतो पाण्यातल्या जीवाणूंवर. घाण वाढली की जीवाणू वाढतात आणि त्यामागोमाग हाही. माशाच्या कल्ल्याची दुसरी कमान कापून त्यावरचा चिकटा ब्लेडनं खरवडा, काचपट्टीवर त्याच नदीच्या पाण्याचा थेंब टाकून १०० पट मोठं करून बघा. दातेरी चाकासारखा गरगर फिरताना दिसतो. नळाचं पाणी वापरू नका, क्लोरिननं तो मरतो आणि मेलेला ओळखणं अवघड. मासा जिवंत हवा. मेल्यावर परजीवी निघून जातात. बादलीत दाटीनं ठेवलेल्या माशांवर आकडे फुगतात, म्हणून काठावरच तपासलेलं बरं.

जागा निवडताना खरी गफलत होते. भिलवडीचे मासे सांगलीच्या वरचे आणि म्हैसाळचे खालचे, अशी तुलना सरळ वाटते; पण मध्ये हरिपूरला वारणा मिळते, तिची घाणही सांगली शहराच्या नावावर पडते. शहराचंच बघायचं तर खालची जागा संगमाच्या वर धरा. दोन्हीकडे एकाच जातीचे, साधारण एकाच मापाचे किमान पंधरा-वीस मासे एकाच आठवड्यात घ्या. थंडीतला आकडा उन्हाळ्यातल्या आकड्याशी लावू नये.

जड धातूंसाठी वेगळा परजीवी लागतो: आतड्यातला काटेरी सोंडेचा कृमी, अ‍ॅकँथोसेफॅला. आपल्याकडे मरळीत त्यातला पॅलिसेंटिस सापडतो. त्याला स्वतःचं आतडं नसतं, सगळं अंगातूनच शोषतो. जर्मनीतल्या रूर नदीच्या चब माशात अशा कृमीत माशाच्या मांसाच्या सुमारे २७०० पट शिसं मिळालं होतं. कृमी फॉर्मेलिनमध्ये ठेवू नका, धातू त्यात उतरू शकतो; थेट गोठवा. एकाचं वजन काही मिलिग्रॅमच, म्हणून एकाच माशातले सगळे एकत्र करून नायट्रिक आम्लात विरघळवावे लागतात. सोबत नुसत्या आम्लाचीही एक कुपी तपासायची, नाहीतर भांड्यातलं शिसं नदीच्या माथी जातं. आणि कृमी सापडलेच नाहीत तर पाणी स्वच्छ समजू नका: त्यांची पिल्लं आधी सायक्लॉप्ससारख्या बारक्या कवचधाऱ्यांत वाढतात, ते मेले की कृमीही संपतात.